पॉइंट टू-टू रायफलची लांब पल्ल्याची दोस्तीतली मॅच, पुण्यात कशी जमवायची?

पौडरोडकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं तेव्हा मी आणि ऑफिसमधले दोघं असे तिघं नेमबाजीत घुसलो, आधी दहा मीटर एअर रायफल आणि मग हळूहळू पॉइंट टू-टूवर (५.६ मिलिमीटर गोळीची छोटी रायफल) आलो. आता क्लबात मिळून सहा जणांचा ग्रुप झालाय, त्यातल्या दोघांकडे स्वतःचं लायसन्स आणि रायफल आहे, बाकीचे क्लबाच्या रायफलीवर मारतात. कोल्हापूरचे दोन आणि नाशिकचा एक मित्र पण अधूनमधून स्पर्धांना भेटतात.

तर डोक्यात असं आलंय की जानेवारीत एखाद्या रविवारी आपली आपली एक मॅच करायची. मेडल नाही, रँकिंग नाही, पण रोजच्या ५० मीटरपेक्षा वेगळी. परदेशात लोक हीच छोटी पॉइंट टू-टू घेऊन १०० आणि २०० मीटरवर मारतात, गोळी एवढी हळू आणि हलकी असते की वारा आणि ड्रॉप (गोळीचं खाली पडत जाणं) दोन्हीचा हिशोब केल्याशिवाय लागतच नाही, ते बघून आम्ही सगळे वेडे झालोय. मला स्वतःला स्कोअरपेक्षा त्या हिशोबाचीच ओढ जास्त आहे.

माझ्या मामाची मुळशीकडे जमीन आहे, मागे सरळ उभा डोंगर, जवळ वस्ती नाही, १५० मीटर तर सहज मिळतील. तिथे करावं का? अंतर किती ठेवावं? डायॉप्टरवाले (बारीक भोकातून नेम धरणारे) आणि स्कोपवाले (दुर्बिणीतून नेम धरणारे) एकत्र कसे मोजायचे? आणि आमच्यात एक जण ६०० पैकी ५९० च्या आसपास मारणारा आहे आणि मी अजून ५६० ला धापा टाकतो, तर मॅच सगळ्यांना मजेची कशी होईल? अनुभव असलेल्यांनी सांगा.

जुनी_स्लिंग

अरे उत्साह बघून खरंच बरं वाटलं, पण मुळशीचं आधी डोक्यातून काढ, बाकीचं सगळं नंतर बोलू.

पहिली गोष्ट कायद्याची. आर्म्स अॅक्ट १९५९ चा आणि त्याच्यावरचे आर्म्स रूल्स २०१६ चे, दोन्हीत कुठेही "मामाची जमीन आहे" असा प्रकार बसत नाही. तुमची लायसन्स आहेत ती टार्गेट शूटिंगसाठी, आणि टार्गेट शूटिंग म्हणजे परवानगी असलेली रेंज. क्लबाची रायफल तर क्लबाच्या गेटबाहेर काढायचा विचारसुद्धा करू नका. वर २०१९ ची दुरुस्ती आहे, निष्काळजीपणे गोळी चालवून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एकदा गुन्हा नोंदला की लायसन्स गेलं, खेळ गेला, सहा जणांची दीड वर्षांची मेहनत गेली.

दुसरी गोष्ट मला कायद्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पॉइंट टू-टू छोटी दिसते म्हणून लोक तिला खेळणं समजतात. काडतुसाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गोळी मैलाच्या वर जाऊ शकते, ते वाचतो कोण. आणि शिशाची, अडीच ग्रॅमची, गोल नाकाची ही गोळी दगडावर आपटली की फुटत नाही, उसळते. मुळशीचा डोंगर म्हणजे आपला काळा पाषाण, वर चार बोटं मुरूम. तुला वाटतं मागे डोंगर आहे म्हणजे सेफ, पण तो डोंगरच गोळी कुठे फेकेल ते सांगता येत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी मातीचा बांध मागे धरून आमचा सराव चालायचा, रेंज होती पण देखभाल नव्हती. पावसाळ्यात वरची माती धुऊन गेली, आतले दगड उघडे पडले, आणि आम्ही कुणीच पुढे जाऊन बघितलं नाही. पहिल्या दहा राऊंडमध्येच (राऊंड म्हणजे काडतूस) ती शिट्टी ऐकू आली, झिंऽऽ करून डोक्यावरून उजवीकडे. त्या बाजूला दोन पोरं शेळ्या घेऊन बसली होती. काही झालं नाही, पण त्या दिवशी मी रायफल बंद करून बॅगेत टाकली आणि पुढचे तीन आठवडे हात लावला नाही. तो आवाज आजही कानात आहे. तेव्हापासून कुठल्याही रेंजवर गेलो तरी आधी बट (टार्गेटमागचा बांध) बघून येतो, मगच मॅट टाकतो.

तेव्हा जागा म्हणजे रेंज. आपल्याकडे ५० मीटर सहज आहे, बालेवाडीला तर १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून. १०० मीटरला पॉइंट टू-टू चालवायची लेखी परवानगी देणारी रेंज कुठे मिळाली तर जा, नाहीतर ५० वर करा. ५० वर पण लांब पल्ल्याची मॅच होते, ते कसं हे इथली हुशार मंडळी सांगतील.

आणि तारीख ठरवताना आचारसंहिता बघा रे. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात, खेळाडूंना सूट मिळते पण तिचे कागद वेळेत करावे लागतात. एका वर्षी आमची अख्खी मॅच त्यात गेली होती.

वाऱ्याची_वही

जुनी स्लिंग काकांना पूर्ण अनुमोदन, जागेबद्दल चर्चाच नको. मी अंतराबद्दल लिहिते कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सहा वर्षं झाली, प्रत्येक सेशनला वही लिहिते, तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याच्या झेंड्या कुठे होत्या, किती क्लिक दिले (साइटचा स्क्रू किती खटके फिरवला) आणि काय लागलं.

आधी हे समजून घ्या की आपली मॅच काडतुसातली गोळी साधारण ३२५ मीटर पर सेकंदाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हे मुद्दाम असतं. आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते, म्हणून ती वरून आणायचीच नाही, खालूनच सोडायची. बाजारात हाय व्हेलॉसिटी राऊंड मिळतात, ३७५ च्या आसपासचे, नवीन मुलांना वाटतं फास्ट म्हणजे वारा कमी लागेल. उलटं होतं! तो राऊंड सुरुवातीलाच जास्त वेग गमावतो आणि वाऱ्यात स्टँडर्डपेक्षा जास्त सरकतो. मी पण आधी विश्वास ठेवला नव्हता, एका सकाळी दोन्ही मारून बघितले, वहीत आहे.

आता आकडे. ५० मीटरला झिरो केलेली (नेम मधोमध बसवलेली) रायफल १०० मीटरला जवळपास २० सेंटीमीटर खाली लागते, आणि २०० ला दीड मीटरच्या आसपास. पण ड्रॉपची मला भीती वाटत नाही, तो रोज सारखाच असतो, एकदा क्लिक मोजले की संपलं. खरा खेळ वाऱ्याचा. ताशी १५-१६ किलोमीटरचा वारा सरळ आडवा असेल तर ५० मीटरवर गोळी अडीच-तीन सेंटीमीटर सरकते, म्हणजे तुमचा मधोमध जाणारा दहा थेट सातात. १०० मीटरवर हाच वारा दहा-बारा सेंटीमीटर सरकवतो. नीट बघा, अंतर दुप्पट पण सरकणं चौपट. म्हणून लांब पल्ल्याला मजा येते आणि म्हणूनच ५० वर छोटं टार्गेट लावून "हे १०० मीटर आहे" म्हणणं अर्धंच खरं. नेम १०० मीटरचा होतो, वारा ५० चाच राहतो.

मग काय करायचं, तर वाऱ्याला मॅचमध्ये मुद्दाम बोलवायचं. पुण्यात जानेवारीत सकाळी सात-साडेसातला पानही हलत नाही, सगळ्या झेंड्या मेल्यासारख्या लटकलेल्या असतात, तेव्हा सगळेच राजे. दहानंतर ऊन चढलं की हवा हलायला लागते, मिराज पण सुरू होतो, टार्गेटची कड पाण्यातून बघितल्यासारखी थरथरते. तर एक कार्ड (कागदी टार्गेट) सकाळी मारा आणि दुसरं साडेदहानंतर, आणि दुसऱ्या कार्डाला साइटर (न मोजायचे, नेम जुळवायचे राऊंड) देऊच नका. पहिला राऊंडच मोजायचा. झेंडी बघून अंदाज बांधायचा, क्लिक द्यायचे आणि मारायचं. ज्याला हिशोबाची ओढ आहे म्हणालास ना पौडरोडकर, तुझी मॅच हीच आहे. खरं तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा याहून भारी होईल पण ३८ डिग्रीत लेदरचं जॅकेट घालून कुणी झोपणार नाही, तेही मान्य.

अजून एक. सकाळी दहा-बारा डिग्री आणि दुपारी तीस, एवढ्या फरकात राऊंडचा वेग बदलतो आणि ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) उभ्या रेषेत वरखाली होतो. त्याचा दोष वाऱ्याला देऊ नका. काडतुसं उन्हात ठेवू नका, मॅटखाली सावलीत ठेवा.

पौडरोडकर

काका, मुळशी डोक्यातून काढलं. खरं सांगतो, ती शेळ्यांवाल्या पोरांची गोष्ट वाचून मामाला लगेच फोन करून सांगितलं की तो विषय संपला. तो पण म्हणाला बरं झालं, त्या वाटेनं कातकरी वाडीची बाया-पोरं लाकडं आणायला जातात, हे मला माहीतच नव्हतं.

वाऱ्याची वही ताई, बिनसाइटरचं दुसरं कार्ड ही कल्पना सगळ्यांना आवडली, ग्रुपवर टाकली तर लगेच आमचा ५९० वाला म्हणाला की मला घाम फुटला. पण छोटं टार्गेट करायचं कसं? ५० मीटरचं टार्गेट झेरॉक्समध्ये अर्धं केलं की झालं का?

कात्रजचा_घाट

नाही नाही, थेट अर्धं करू नका, इथे सगळे चुकतात. मी मशीन शॉपमध्ये काम करतो त्यामुळे हे मिलिमीटरमधलं दुखणं मला लगेच दिसतं.

टार्गेट छोटं होतं पण गोळी छोटी होत नाही ना, ती ५.६ मिलिमीटरचीच राहते. आणि आपल्या नियमात भोकाची कड रेषेला शिवली तरी वरचे पॉइंट मिळतात. ५० मीटरच्या कार्डावर दहाची रिंग १०.४ मिमी, म्हणजे गोळीचा मध्य १६ मिमी व्यासाच्या वर्तुळात पडला की दहा. १०० मीटरचा भास हवा तर ते वर्तुळ ८ चं व्हायला पाहिजे, त्यातून गोळीचे ५.६ गेले की उरले २.४. म्हणजे नवीन दहाची रिंग २.४ मिमी! झेरॉक्स अर्धी केलीत तर ५.२ ची येईल आणि सगळ्यांना फुकटचे दहा वाटत बसाल.

आता गंमत बघा. हाच हिशोब नऊला लावला की येतं १०.४, म्हणजे आपली नेहमीची दहाची रिंग. आठला १८.४, सातला २६.४, म्हणजे नेहमीची नऊची रिंग. मी पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा परत तपासलं, वाटलं काहीतरी चुकलंय, पण बरोबर बसतं कारण रिंगा १६-१६ मिमीनं वाढतात. म्हणजे वेगळं कार्ड छापायचीच गरज नाही, नेहमीचंच लावा आणि मोजताना बदला.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर अजून सोपं, डेसिमल (दशांशातला) स्कोअर दुप्पट करा आणि ११ वजा करा. १०.५ चे होतात १०, १०.० चे ९, ९.८ चे ८.६, ९.० चे ७. साडेपाच किंवा त्याच्या खाली गेलं की शून्य धरायचं. कागदी कार्ड असेल तर पारदर्शक शीटवर २.४, १०.४, १८.४, २६.४, ३४.४ अशा रिंगा छापून घ्या आणि ती कार्डावर ठेवून मोजा. फक्त प्रिंटवाल्याला शंभर टक्के स्केल सांगा, "फिट टू पेज" लावलं की सगळं गेलं. छापून आल्यावर व्हर्नियर (मिलिमीटरचे दशांश मोजायची पट्टी) लावून तपासा. नसेल तर मला सांगा, मी आणतो.

पंचगंगाकाठी

पौडरोडकर भावा, तू नाव न घेता लिवलंयस पण कोल्हापूरचे दोघं म्हंजी त्यातला एक मीच!

आमास्नी पुण्याला यायला आनंदच हाय, पण जरा इचार कर. रायफल घिऊन प्रवास म्हंजी लायसन्स कुठवर चालतंय ते बघा, कागद बरुबर ठेवा, गाडीत रायफल येगळी राऊंड येगळं, रात्री राहायचं तर रायफल ठिवायची कुठं, लई भानगड हाय. नाशिकच्या गड्याचं पण तेच. त्यापेक्षा पोस्टल करूया की. आमी कोल्हापुरात आमच्या रेंजवर, तुमी पुण्यात, त्यो नाशकात, एकाच रविवारी, एकाच येळंला. कार्डं एकमेकांकडं पाठवायची. लांब पल्ल्याची मॅच म्हंजी पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर, एवढा लांब पल्ला कुणाचा हाय सांग!

आन् हे काय आमचं खूळ न्हाई. इंग्लंडात पॉइंट टू-टूच्या लीगा अशाच कार्डं पोस्टानं पाठवून चालतात. ड्यूअर ट्रॉफी म्हणून एक मॅच हाय, १९०९ पास्नं, इंग्लंड-अमेरिका आपापल्या देशात मारून कार्डांची बेरीज करायचे, वीस-वीस जण, आन् अंतर ५० आणि १०० यार्ड. म्हंजी पॉइंट टू-टू शंभरावर मारायची हौस शंभर वर्सं जुनी हाय.

आमच्या कोल्हापुरात तर प्रोनचं (झोपून मारायचं) येड पहिल्यापास्नं. तेजस्विनी सावंतनी २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनचं वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड आणलं तवा मी नववीत हुतो, शाळंत पेढे वाटल्याले. आता ऑलिम्पिकातनं प्रोन काढली त्याला किती वर्सं झाली, रिओनंतर न्हाईच, तरीबी आमच्याकडं पोरं आधी झोपून मारायलाच शिकत्यात. माझं म्हणणं एवढंच की मॅच प्रोनची ठेवा. उभं राहून मारायला लावलं तर वारा राहतो बाजूला आन् गडी आपल्याच छातीच्या ठोक्यांशी भांडत बसतोय.

इश्वासाचं म्हणशील तर पुण्याची कार्डं आमी मोजणार, आमची तुमी. मारायच्या आधी कोऱ्या कार्डाचा नंबरासकट फोटो, नंतर लगेच भोकांसकट फोटो, रेंज ऑफिसरची सही. हितं कोण पैशासाठी मारणार हाय?

वाऱ्याची_वही

पोस्टल एकदम छान. फक्त एक, कोल्हापुरात शांत हवा आणि पुण्यात झेंड्या फडफडतायत असं झालं तर तुलना होणार नाही. म्हणून प्रत्येक रेंजवर एकानं वाऱ्याची नोंद ठेवायची, दर पाच मिनिटांनी झेंडी कुठल्या बाजूला आणि किती उचललीय. स्कोअरमध्ये काही वाढवायचं नाही त्यासाठी, फक्त कार्डाबरोबर तो कागद पाठवायचा. दुसऱ्या शहरातल्या माणसानं कुठल्या हवेत मारलंय हे कळलं की त्याच्या आठाची पण किंमत कळते.

आणि राऊंडचं राहिलं. मॅचच्या मधे लॉट (कारखान्यातली एका खेपेची काडतुसं) बदलू नका. मी एकदा राज्य स्पर्धेत दुसऱ्या कार्डाला नवीन डबी उघडली, ब्रँड तोच, नाव तेच, लॉट नंबर वेगळा. पहिले चार राऊंड एका जागी पण सगळे सव्वा रिंग खाली. मला वाटलं माझा खांदा सरकलाय, स्लिंग (हाताला बांधायचा रायफलचा पट्टा) सैल झालीय, मी पोझिशन मोडून परत बसवली, वेळ गेला, डोकं गेलं. दोष डबीचा होता आणि डबी बघायचं सुचलं ते कार्ड संपल्यावर. शिवाय ब्रँड बदलला तर बॅरलमध्ये आधीच्या राऊंडचं वंगण बसलेलं असतं, नवीन राऊंडनी ते बदलेपर्यंत दहा-वीस राऊंड इकडेतिकडे जातातच. तेव्हा जे त्या दिवशी मारणार तेच आधीचे दोन आठवडे मारा, आणि तीस-चाळीस एकाच लॉटचे बाजूला काढून ठेवा.

जुनी_स्लिंग

राऊंडच्या बाबतीत अजून एक, दोस्ती असली तरी एकमेकांना राऊंड द्यायचे घ्यायचे नाहीत. ज्याचे त्याच्या लायसन्सवरचे, नाहीतर क्लबानं रजिस्टरवर सही घेऊन दिलेले. संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत.

आणि रेंज ऑफिसर एक माणूस ठेवा जो स्वतः मारणार नाही. हे अजिबात सोडू नका. दोस्तीतल्या मॅचमध्ये सगळ्यांनाच मारायचं असतं, मग कुणीतरी "मी मारता मारता बघतो" म्हणतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी कार्ड बदलायला पुढे चालत जातो. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड, या चार शब्दांशिवाय कुणी बोल्टला (काडतूस आत ढकलणारा दांडा) हात लावायचा नाही. अनलोड म्हटलं की बोल्ट मागे, चेंबरमध्ये नारिंगी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारा), आणि सगळे मॅटवरून उठल्याशिवाय रेषेच्या पुढे पाऊल नाही. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा प्रेक्षकांनाही.

पॉइंट टू-टूत मसाला कडेत भरलेला असतो, कधी कधी कडेला नीट पोचलेला नसतो आणि राऊंड वाजत नाही. चटकन बोल्ट उघडायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग रेंज ऑफिसर सांगेल तसं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तरी थांबा, नळीत गोळी अडकलेली असू शकते, त्याच्यामागे दुसरी सोडलीत तर नळी फुगेल. मला हे सगळं लिहिताना कंटाळा येत नाही, तुम्हाला वाचताना आला तरी वाचा.

हडपसरची_आई

माफ करा मधेच विचारते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, दहा मीटर एअर रायफल मारते, हे वाचून मागे लागलीय की मला पण खेळायचंय. पॉइंट टू-टू तिनं हातात घेतलेली नाही आणि मला घाईनं द्यायची पण नाहीये. तिच्यासारख्यांना काही करता येईल का?

जुनी_स्लिंग

ताई, घाई नको हे अगदी बरोबर. तिला त्याच दिवशी दहा मीटरचा वेगळा गट द्या ना पौडरोडकर, वीस पेलेटचं एक कार्ड. दहा मीटरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, या पोरी तो उभं राहून मारतात, तुम्ही झोपून मारणारे बघा जरा. आणि दुसऱ्या कार्डाच्या वेळेला तिला वाऱ्याची नोंद करायला बसवा, स्कोपमधून झेंडी आणि मिराज बघायला शिकेल. मी तिच्या शेजारी बसेन, मला मारायचं नाहीये, रेंज ऑफिसरला मदत करतो.

पौडरोडकर

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री चहावर बसून ठरवलं, असं करतोय.

मॅच पोस्टल, पुणे, कोल्हापूर, नाशिक. अंतर ५० मीटर, प्रोन, मोजणी कात्रजच्या घाटाच्या हिशोबानं, म्हणजे १०० मीटरची. पहिलं कार्ड सकाळी आठला, पाहिजे तेवढे साइटर आणि मग दहा राऊंड. मग पोहे. दुसरं कार्ड अकराला, दहा राऊंड, साइटर नाही. डायॉप्टर आणि स्कोप अशी दोन वेगळी यादी, एकत्र मोजणार नाही, त्यावर बराच वाद झाला पण शेवटी हेच पटलं.

नवीन-जुन्यांचं असं काढलंय की प्रत्येकानं आधीच्या तीन सरावांचे स्कोअर याच नवीन हिशोबानं पाठवायचे, त्याची सरासरी, आणि मॅचला तुम्ही स्वतःच्या सरासरीच्या किती वर गेलात ते मोजायचं. आमच्या ५९० वाल्याला वर जायला जागाच कमी आहे म्हणून तो कुरकुरतोय, म्हणून त्याच्यासाठी निव्वळ स्कोअरचा पहिला नंबर पण वेगळा ठेवलाय. मी काल सरावात नवीन हिशोबानं मोजून बघितलं, ज्या कार्डाला मला ९४ वाटायचे त्याचे ८३ झाले. एवढा अभ्यास बाकी आहे हे कळलं, आणि आज सकाळी साडेसहालाच रेंजवर होतो.

रेंजला लेखी अर्ज दिलाय, दोन लेन चार तासांसाठी मागितल्यात. तारीख त्यांचं उत्तर आलं की टाकतो, आचारसंहितेचं पण विचारून ठेवलंय. हडपसरच्या ताई, मुलीचं नाव दहा मीटरच्या यादीत पहिलं घातलंय.

कात्रजचा घाट, पारदर्शक शीट तुम्ही छापून द्याल का? तीन शहरांना एकाच प्रिंटरची पाहिजे, नाहीतर परत मिलिमीटरवरून भांडण.

कात्रजचा_घाट

देतो की. सहा छापतो, प्रत्येक शहराला दोन, एक फाटली तर. व्हर्नियरनं तपासून मागे तारीख आणि माझी सही टाकतो. शनिवारी संध्याकाळी स्वारगेटजवळ भेट, तिथूनच कोल्हापूर आणि नाशिकचं कुरिअर करून टाकू.

पंचगंगाकाठी

कुरिअर कशाला भावा, माझा मेव्हणा शनिवारी रात्रीच्या यष्टीनं स्वारगेटवरनं कोल्हापूरला येतोय, त्याच्याकडं दे. जाड पुठ्ठ्यात घाल फक्त, त्यो बॅगवर बसतोय.